कृष्णाकाठच्या देवी आणि त्यांना डोक्यावर घेणाऱ्या बाया

वाई तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाई, औंधच्या टेकडीवर यमाई, प्रतापगडावर भवानी, माणदेशात म्हसवडला सिद्धनाथाशेजारी जोगेश्वरी, थेट कर्नाटकाच्या शिवेपाशी जतला यल्लम्मा. गावोगावच्या मरीआई, लक्ष्मीआई आणि पाणवठ्यावरच्या साती आसरा वेगळ्याच. या मुलखातून वाहणारी कृष्णाही नुसती नदी राहत नाही. वाईच्या घाटांवर ती कृष्णाबाई होऊन मांडवात बसते, ओटी भरून घेते. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. देवीच्या माणसांना मात्र ही हद्द कधी जाणवली नाही. त्यांच्या वाटा मांढरदेवपासून कर्नाटकातल्या यल्लम्माच्या सौंदत्तीपर्यंत सलग आहेत.

या देवींबद्दल गेली ऐंशी-नव्वद वर्षं अभ्यासक, कार्यकर्ते, कायदे करणारे आणि भक्त आपापल्या परीनं बोलत आले आहेत. या बोलण्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. या देवी आल्या कुठून, हा पहिला. बाईच्या अंगात देवी येते तेव्हा नेमकं काय होतं, हा दुसरा. आणि देवीला सोडलेल्या बाईचं काय, हा तिसरा आणि सगळ्यांत दुखरा. जिथे देव बाईच्या रूपात आहे तिथे हाडामांसाच्या बाईची पत वाढते का, ही शंका तिन्हींच्या तळाशी आहे.

हीच शंका अटलांटिक महासागराच्या पलीकडे, ब्राझील, क्यूबा आणि हैतीमध्ये, गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या धर्मपरंपरांबद्दलही विचारली गेली आहे. तिथला वाद आपल्या वादाशेजारी ठेवून पाहिला की आपल्याकडची एक उणीव ठळक दिसते. म्हणून हा आढावा दोन्ही किनाऱ्यांवर नजर ठेवून घेतो आहे.

मूळ शोधणारे

पहिल्या प्रश्नाला आधुनिक वळण दिलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. १९६२ साली निघालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’मध्ये त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यांचा, म्हणजे देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या दगडांचा, माग काढला. ही ठाणी अनेकदा गावाबाहेर, जुन्या वाटांच्या तिठ्यावर, लेण्यांच्या आसपास सापडतात. बारीक दगडी हत्यारंही त्याच वाटांवर मिळतात. त्यावरून त्यांनी मांडलं की या देवी शेतीच्या आणि गावाच्याही आधीच्या आहेत. नवरा नसलेली देवी त्यांच्या मते जास्त जुनी. पुढे धनगर-गवळ्यांचे देव आले. काही ठिकाणी देवीनं त्या देवाला रेडा समजून तुडवलं, काही ठिकाणी दोघांचं लग्न लागलं. दोन समाज एकत्र आले की त्यांचे देवही एका घरात येतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

म्हसवडला दिवाळीनंतर सिद्धनाथ आणि जोगेश्वरीचा लग्नसोहळा चालतो आणि मार्गशीर्षाच्या आरंभी रथ निघतो. तो पाहताना कोसंबी आठवतातच. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि कहाण्या गोळा करून या चित्रात पशुपालकांची बाजू भरली. त्यांच्या मांडणीत देव आणि देवी दोघंही कळपांबरोबर फिरणारे आहेत. कोरड्या माणदेशातून पाणथळ खोऱ्यांकडे आणि परत असा तो प्रवास आहे.

रा. चिं. ढेरे वेगळ्या दिशेनं गेले. १९७८च्या ‘लज्जागौरी’त त्यांनी रेणुका-यल्लम्मेला भूमीच्या सर्जनशक्तीशी जोडलं आणि वारुळाची पूजा ही धरणीच्या गर्भाची पूजा आहे, असं दाखवलं. ढेऱ्यांसाठी देवीचं शरीर महत्त्वाचं, कोसंबींसाठी तिची जागा. शरद पाटील यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकून प्राचीन मातृसत्तेचा सिद्धांत उभा केला आणि देवी हा तिचा अवशेष मानला. मातृसत्ता खरोखर होती का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. देवी मोठी म्हणजे बाई मोठी, हे अनुमान फार घाईचं आहे, असा आक्षेप अनेकांनी घेतला आहे आणि मला तो रास्त वाटतो.

सांगलीत राहून आयुष्यभर लोकसंस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या तारा भवाळकर यांनी मुळाच्या शोधापेक्षा बाईच्या शब्दाला महत्त्व दिलं. २०२५ साली दिल्लीत भरलेल्या ९८व्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. जात्यावरच्या ओव्या, विधिगीतं, बायकांनी बायकांना सांगितलेल्या कहाण्या यांत त्यांना स्त्रीचा स्वतःचा आवाज ऐकू येतो. अॅन फेल्डहाउस यांनी १९९५ साली महाराष्ट्रातल्या नद्यांच्या बाईपणावर ग्रंथ लिहिला. त्यांना या नद्यांच्या भक्तीत मोक्षाची ओढ कमी आणि ऐहिक भलाईची ओढ जास्त दिसली: अन्न, लेकरं, सौभाग्य, पीकपाणी. वाईच्या कृष्णाबाईच्या उत्सवात याचा पडताळा येतो. तिथे उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर क्रमानं जातो, प्रत्येक आळीची आपली पाळी असते. आख्यायिका त्याचा आरंभ १६५९च्या अफझलखान प्रसंगातल्या नवसाशी जोडते. मागणं काय असतं? गावावरचं संकट टळू दे, नदी भरून वाहू दे.

समुद्रापलीकडे

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून अमेरिका खंडांकडे नेण्यात आलं. त्यांच्याबरोबर त्यांच्या देवीही गेल्या. पश्चिम आफ्रिकेतल्या योरूबांच्या मुलखातली नदीची देवी येमोजा ब्राझीलमध्ये समुद्राची आई झाली. दर २ फेब्रुवारीला साल्वादोर शहरात हजारो लोक तिला फुलं, आरसे, अत्तरं होडीतून अर्पण करतात. ओशून ही गोड्या पाण्याची देवी क्यूबात एल कोब्रेच्या मेरीमातेत मिसळली. हैतीत एझिली दांतोर ही गालावर व्रण असलेली, लेकराला कवटाळणारी काळी आई, १७९१च्या गुलामांच्या उठावाच्या आठवणीशी जोडली गेली.

तिथेही वादाची सुरुवात मुळापासूनच झाली. मेलव्हिल हर्स्कोविट्स यांनी १९४१ साली आफ्रिकेचा वारसा तगून राहिल्याचं ठासून मांडलं, तर फ्रँकलिन फ्रेझियर यांच्या मते गुलामगिरीनं ते धागे तोडून टाकले होते. मग प्रश्न आला मिश्रणाचा: ख्रिस्ती संतांची नावं हा मालकांपासून वाचण्याचा बुरखा होता की खरीखुरी नवी भक्ती? आपल्याकडे यमाईला पार्वती आणि यल्लम्मेला पुराणातली रेणुका केलं जातं, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो.

तिसरा वाद बायकांचा. रूथ लँडिस यांनी १९४७ साली साल्वादोरवर ‘द सिटी ऑफ विमेन’ हे पुस्तक लिहिलं. कांदोम्ब्ले या तिथल्या आफ्रिकी मुळांच्या परंपरेतल्या मठांवर बायकांची सत्ता आहे, असं त्यांनी मांडलं. लोरँड मॅटरी यांनी २००५ साली त्याला हरकत घेतली. बायकांचं हे राज्य काही अंशी अभ्यासकांनीच रंगवलेलं चित्र आहे, पुरुष पुजारीही मोठ्या संख्येनं होते, असं त्यांचं म्हणणं. ओयेरोंके ओयेवुमी यांनी १९९७ साली त्याहून मूळचा प्रश्न विचारला: योरूबा समाजात माणसांची विभागणी वयानं होत होती, लिंगानं नाही, मग ‘स्त्रीदैवत’ ही कल्पनाच बाहेरून लादलेली नाही ना?

हे वाद दूरचे वाटतील, पण दोन्ही किनारे खरोखर जोडलेले आहेत. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा बावा गोर हा पीर आहे आणि त्याची बहीण माई मिश्रा. कथा सांगते की तिथली राक्षसीण बाई असल्यामुळे भावाला तिच्याशी लढता येईना, तेव्हा बहिणीनं येऊन तिला जमिनीत गाडलं. हेलेने बासू यांनी या परंपरेचा बारकाईनं अभ्यास केला आहे. उलट दिशेचा प्रवासही झाला. पश्चिम आफ्रिकेत मामी वाटा या पाण्याच्या देवीचं एक चित्र फार लोकप्रिय आहे: मोकळ्या केसांची बाई, अंगाखांद्यावर नाग. मूळ चित्र जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं. १९५५ साली मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीनं कुमासीच्या व्यापाऱ्यांसाठी त्याच्या १२,००० प्रती छापल्या. टोगोमधल्या एवे भक्तांनी तर आपल्या दत्तात्रेयाच्या तसबिरीत देन्सू हा पाण्याचा देव ओळखला. औदुंबरला दत्तासमोर हात जोडणाऱ्या सांगलीकरानं हे ऐकलं तर तो चकित होईल. देवाची चित्रं माणसांपेक्षा कितीतरी मोकळेपणानं हिंडतात.

अंगात येणं

मांढरदेवला पौष पौर्णिमेची मोठी जत्रा भरते. हलगी-संबळाच्या तालावर बायका घुमू लागतात, केस सुटतात, शेजारची बाई पदर सावरते, कुणी हळद-कुंकू लावून ‘बोल आई’ म्हणत प्रश्न विचारतं. एरवी घरात खालच्या आवाजात बोलणारी सून तेवढ्या वेळापुरती सासऱ्याला ‘अरे’ म्हणू शकते आणि सासरा तिच्या पाया पडतो.

या दृश्याचे अर्थ लावणारे तीन गट आहेत. आय. एम. लुइस यांच्या १९७१च्या मांडणीला धरून एक गट म्हणतो की दबलेल्या बाईला बोलण्यासाठी मिळालेली ही वाट आहे. तिथे तक्रार देवीच्या तोंडून येते म्हणून ऐकली जाते. दुसरा गट विवेकवाद्यांचा. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी सातत्यानं सांगितलं की देवाधर्माला आमचा विरोध नाही, शोषणाला आहे. मनाचा कोंडमारा असेल तर बाईला उपचार हवेत, आणि तिचं म्हणणं ती शुद्धीवर असताना ऐकून घेणारं घर हवं. मांत्रिक आणि जत्रा हा त्यावरचा इलाज नव्हे. तिसरा गट भक्तांचा आहे. त्यांच्या लेखी हे सोंगही नाही आणि दुखणंही नाही. देवी धरते, मग माणसाला तिची सेवा करावी लागते, नाही केली तर ती सोडत नाही. या तिसऱ्या म्हणण्याला पहिले दोन्ही गट समजुतीनं घेतात, पण खरं मानत नाहीत.

२५ जानेवारी २००५ला मांढरदेवला चेंगराचेंगरी होऊन आणि आग लागून सुमारे तीनशे भाविकांचा जीव गेला. त्यानंतर न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला गेला. वाटा, दुकानं, गर्दी यांची शिस्त बदलली. पशुहत्या, वाद्यं, झाडांना खिळे ठोकणं यांवर प्रशासन जत्रेच्या काळात बंदी घालतं. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर लगेच जादूटोणाविरोधी कायदा आला. या कायद्यानं अंगात येणं हा गुन्हा ठरवलेला नाही. अंगात शक्ती आल्याचं भासवून इतरांना भीती घालणं, धमकावणं हा गुन्हा आहे. हा फरक वादात पुष्कळदा दोन्ही बाजूंकडून पुसला जातो. कायद्याचे विरोधक त्याला भक्तीवरची बंदी म्हणतात आणि काही उत्साही समर्थकही तसंच वागतात.

सोडलेल्या बाया

मार्गशीर्षात जतला यल्लम्माची यात्रा भरते. जनावरांच्या बाजाराइतकीच ती जोगतिणींची, म्हणजे देवीला सोडलेल्या बायांची, असते. डोक्यावर जग, म्हणजे मोरपिसांनी सजवलेली देवीची मूर्ती, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर भंडारा. बरोबर चौंडकं वाजवणारा जोगता, कधी लुगडं नेसलेला. रांडाव पुनवेला देवीचा नवरा जमदग्नी मारला गेला म्हणून जोगतिणी बांगड्या फोडतात आणि अहेव पुनवेला पुन्हा भरतात. ज्या बाईला समाज रीतसर नवरा देत नाही, तीच देवीचं वैधव्य आणि सौभाग्य दोन्ही आपल्या हातावर वागवते. जोगवा मागायला ती दारात आली की परडीत मूठभर ज्वारी टाकणारी सवाशीण आधी जगाच्या पाया पडते.

ही पोरगी देवीला सोडली कशी जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. केसांत जट धरली, घरात आजारपण आलं, मुलगा नाही, दुष्काळ पडला. घरं बहुतेक दलितांची. जून १९३६मध्ये मुंबईत डॉ. आंबेडकरांनी वाघ्या, मुरळ्या, जोगतिणींसमोर बोलताना ते जिणं सोडून देण्याचं आवाहन केलं. त्यांच्या लेखी हा देवाचा मान नव्हता, जातीनं लादलेली विटंबना होती. आंबेडकरी परंपरेचं म्हणणं आजही तेच आहे आणि त्याचं नैतिक वजन कुणाला नाकारता येणार नाही. १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, पण जत, औंध, सांगली, मिरज ही तेव्हा संस्थानं होती, त्यामुळे तो तिथे लागू नव्हता. १९७०च्या दशकापासून गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात देवदासींचं संघटन उभं राहिलं. कर्नाटकानं १९८२ साली आणि महाराष्ट्रानं २००५ साली नवे कायदे केले.

दुसरी भूमिका सांगलीतूनच पुढे आली. १९९२ साली संग्राम ही संस्था आणि १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. देवदासी म्हणून वाढलेल्या अनेक बाया या परिषदेत आहेत. त्यांचं म्हणणं असं की आम्हाला दयेनं ‘सोडवू’ नका, काम करणाऱ्या बाया म्हणून हक्क द्या, आमच्या वस्तीत पोलीस येतात तेव्हा काय होतं ते आम्हाला विचारा. देवदासीपण आणि देहविक्री एकच मानल्यामुळे दोन्हींबद्दलचं धोरण बिघडलं, अशीही त्यांची तक्रार आहे.

तिसरी भूमिका अभ्यासकांकडून आली. लुसिंडा रॅमबर्ग यांनी उत्तर कर्नाटकातल्या यल्लम्मेच्या बायांवर २०१४ साली ग्रंथ लिहिला. सोडलेली मुलगी घरात मुलासारखी ठरते, कमावते, आईबाप सांभाळते, वारसा चालवते, तेव्हा तिचं देवीशी लग्न हे खरं नातं का मानू नये, असं त्यांनी विचारलं. सुधारकांनी त्या बायांच्या धर्माला धर्म मानायचंच नाकारलं, हा त्यांचा आरोप. यावरचा आक्षेपही तितकाच जोरकस आहे: पोर अजाण असताना घेतलेल्या निर्णयाला नातं म्हटलं की त्यामागची जात आणि गरिबी झाकली जाते. दोन्ही म्हणणी खरी वाटतात, हीच यातली अडचण आहे.

मराठीत या बाईला आधी जागा दिली ती कादंबरीनं. सातारा जिल्ह्यातून आलेल्या उत्तम बंडू तुपे यांचं ‘झुलवा’ आणि राजन गवस यांचं ‘चौंडकं’ या पुस्तकांनी जोगतीण आणि जोगता यांना माणूस म्हणून वाचकांसमोर उभं केलं. पुढे ‘जोगवा’ हा चित्रपट आला.

न सुटलेलं

दोन्ही किनारे शेजारी ठेवले की जी उणीव दिसते ती इथे. साल्वादोरमध्ये कांदोम्ब्लेच्या थोर पुजारिणींची नावं, त्यांच्या गुरुपरंपरा, त्यांची मतं नोंदलेली आहेत. १९८३ साली तिथल्या पाच ज्येष्ठ पुजारिणींनी जाहीर पत्रक काढून सांगितलं की आमची परंपरा स्वतंत्र धर्म आहे, तिची ख्रिस्ती संतांशी सरमिसळ नको. म्हणजे वादात त्या स्वतः एक पक्ष झाल्या. मामा लोला या ब्रुकलिनमधल्या हैतियन पुजारिणीचं चरित्र कॅरेन मॅकार्थी ब्राउन यांनी १९९१ साली ग्रंथरूपात मांडलं. आपल्याकडे जोगतीण पीडित म्हणून बोलते, आंदोलक म्हणून बोलते, कादंबरीतलं पात्र म्हणूनही बोलते. विधीची जाणकार म्हणून तिला विचारलं जातं ते फार क्वचित. कुठल्या पुनवेला काय गायचं, जग कुणी उचलायचा, भाक कशी घालायची, लग्नाघरी कुणाचं काय चालतं, हे ज्ञान तिच्याकडे आहे. ढेरे, कोसंबी, सोन्थायमर यांच्या मांडणीखाली अशाच माणसांची माहिती आहे. त्यांची नावं मात्र वाचकाला माहीत नाहीत.

या उणिवेतून पुढचे प्रश्न निघतात. सोडण्याची प्रथा बंद व्हायलाच हवी, यावर माझ्या माहितीतल्या कुठल्याही पक्षाचं दुमत नाही. लहान मुलीचा निर्णय देवीच्या नावानं दुसऱ्या कुणी घ्यावा, असं कुणी म्हणत नाही. पण प्रथा थांबली की ती गाणी, ते चौंडकं, तो जग कुणाकडे जाईल? आजच अनेक ठिकाणी जग उचलणारे जोगते आहेत आणि त्यांच्यातले काही तृतीयपंथी म्हणून आपले हक्क मागत आहेत. देवीचं बाईपण त्यांच्या अंगी येतं तेव्हा ‘देवी म्हणजे स्त्रीशक्ती’ हे आपलं सोपं समीकरण पुरत नाही. ओयेवुमींनी योरूबांबद्दल विचारलेला प्रश्न इथे फार जवळचा होतो. दुसरीकडे मोठ्या देवळांत विश्वस्त मंडळं, पुजारी, अभिषेक यांचा कारभार वाढतो आहे आणि मांढरदेवच्या मांगीरबाबासारखी शेजारची ठाणी, त्यांचा नैवेद्य, त्यांची माणसं कडेला सरकत आहेत. हे गर्दीच्या शिस्तीमुळे होतं की देवीला सोवळ्यात आणण्याच्या ओढीमुळे, हे ठाण्याठाण्यावर जाऊन तपासावं लागेल.

ब्राझीलमध्ये ज्या कांदोम्ब्ले मठांवर पूर्वी पोलीस धाडी घालत, त्यांतल्याच कासा ब्रांका या बायकांनी उभारलेल्या मठाला १९८४ साली राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळालं. जतच्या किंवा मिरज भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या जोगतिणीकडच्या विधींना आणि गाण्यांना तसा वारशाचा मान द्यावा का? लोककलेचे अभ्यासक हो म्हणतील. आंबेडकरी कार्यकर्ता विचारेल की ज्या गुलामीतून आमच्या आया सुटल्या, तिची आठवण सरकारी फलकावर मिरवायची कशाला, आणि त्या बाईला वृद्धापकाळचं निवृत्तिवेतन वेळेवर देण्याआधी तिच्या गाण्याची नोंद करायची घाई कुणाला आहे? या दोन म्हणण्यांना एकाच टेबलाशी बसवणारं लेखन मराठीत अजून व्हायचं आहे. ते लिहिताना जोगतिणी पहिल्या ओळीत बसलेल्या असायला हव्यात.